माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या घरातला गॅस संपला. नंबर लावला होता, पण गाडी बुधवारशिवाय येणार नव्हती आणि घरात गावाकडचे पाहुणे होते. तेव्हा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला जुना पितळी पंपाचा स्टोव्ह आमच्या सुनेने खाली काढला, चिंचेने घासून लख्ख केला, शेजारून लिटरभर रॉकेल मागून आणले आणि गॅसचा लायटर हातात घेऊन त्याच्यापुढे बसली. बर्नरजवळ दोन-चारदा टकटक करून झाल्यावर तिने विचारले, "आई, याचं बटण कुठंय?"

घरातली सगळी मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण जवळ जाऊन पाहिले तेव्हा हसू जागच्या जागी थांबले. पोरीने टाकी तोंडोतोंड भरली होती. "पंप मारायचा असतो" एवढे तिने लहानपणी कुठेतरी ऐकले होते, म्हणून वीसेक पंप मारून ठेवले होते. थंड बर्नरच्या निपलातून रॉकेलची बारीक धार उडून खाली वाटीत, टाकीवर आणि जमिनीवर ओघळली होती. लायटरच्या ठिणगीने ते पेटले नाही. शेजारी काड्याची पेटी असती आणि तिने काडी ओढली असती तर काय झाले असते, ते आम्ही तिला त्या वेळी सांगितले नाही. नंतर सांगितले.

दोष तिचा नाही. ती गॅसवर वाढलेली मुलगी आहे. तिच्या वयाच्या बहुतेक मुलींनी स्टोव्ह पाहिला असेल, पण पेटवलेला नसेल. आणि ज्यांना तो पेटवता येत होता त्या आई, आजी, मावश्या एकेक करून जात आहेत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि ज्या घरांत कधी गॅस नव्हता तिथेही शेगडी आणि सिलिंडर पोचला. दिल्ली तर २०१४ मध्येच रॉकेलमुक्त जाहीर झाली होती. रेशनच्या दुकानापुढच्या रॉकेलच्या रांगा आपल्याकडेही सरत गेल्या. पण स्टोव्ह काही घराबाहेर गेला नाही. महिनाअखेरीला सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की तो खाली येतो. बांधकामाच्या साईटवर राहणाऱ्या कुटुंबांत, भाड्याच्या खोलीत चौघे-पाच जण मिळून राहणाऱ्या मुलांत, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर तो अजून आहे. म्हणजे वस्तू राहिली आणि ती वापरायची माहिती गेली. आमच्या मते ही सर्वांत वाईट अवस्था आहे. म्हणून या वेळी या पानावर पाककृती नाही, स्टोव्ह आहे.

पंपाचा स्टोव्ह कसा जळतो?

कोणी त्याला रॉकेल म्हणतो, मुंबईत घासलेट म्हणतात, विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मातीतेल असते. वस्तू एकच. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचे सारे आपोआप समजते. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने हा स्टोव्ह काढला आणि त्याच्या प्रायमस या नावाने तो जगभर गेला. तेव्हापासून त्याच्या आतल्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. खाली टाकी, टाकीला पंप, वर बर्नर. पंपाने टाकीत हवा कोंडली की ती हवा रॉकेलला वर ढकलते. बर्नरच्या नळ्या आधीच तापलेल्या असल्या तर रॉकेलची तिथे वाफ होते. ती वाफ निपलाच्या सुईएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. एकदा ज्योत लागली की तीच ज्योत नळ्या तापत्या ठेवते.

आता बर्नर थंड असताना पंप मारला तर काय होईल? वाफेऐवजी पातळ रॉकेलच बाहेर उडेल. काडी लावली की पिवळ्या ज्वाळा थेट वर जातील, खोली बुटकी असली तर छताला लागतील. ज्याला आपण 'स्टोव्हचा भडका' म्हणतो तो बहुतेक वेळा हाच असतो. टाकी खरोखर फुटणे ही त्या मानाने विरळा गोष्ट आहे. पण "स्टोव्ह फुटला" हेच शब्द सर्वांच्या तोंडी बसले आहेत. त्याबद्दल पुढे लिहिणार आहोत.

म्हणून पेटवण्याचा क्रम असा. टाकीची हवा सोडायची चावी उघडी ठेवा. टाकी पाऊणच्या वर भरू नका, वर हवेला जागा हवी. जाळीचे नरसाळे वापरा, कारण निपलात कचरा अडकणे हे अर्ध्या भानगडींचे मूळ आहे. सांडलेले रॉकेल फडक्याने कोरडे पुसा आणि ते फडके लांब टाका. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घाला आणि पेटवा. स्पिरिट नसेल तर रॉकेलात बुडवलेला काकडा बर्नरला अडकवून पेटवतात, त्याने काजळी धरते पण काम होते. वाटीतले स्पिरिट संपत आले की चावी बंद करा आणि पाच-सहा पंप मारा. निळी ज्योत आवाज करत लागली तर आणखी पंप मारून हवी तेवढी मोठी करा. पिवळी ज्योत उसळली तर घाबरून आणखी पंप मारू नका, चावी उघडा. हवा सुटली की ज्योत खाली बसते. बर्नर पुरेसा तापला नव्हता एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा सुरुवातीपासून करा.

स्पिरिटबद्दल एक सांगायचे राहिले. त्याची ज्योत फिकट निळी असते आणि दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वाटीतले विझले असे समजून बाटलीतून पुन्हा ओतायला जावे आणि धार पेटून बाटलीपर्यंत यावी, असे होते. पुन्हा ओतायचे असेल तर बर्नर हात लावण्याइतका गार होऊ द्या.

जुना स्टोव्ह बऱ्याच वर्षांनी काढला असेल तर पेटवण्याआधी एक रात्र त्याला द्या. थोडे रॉकेल भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि सकाळी कागदावर डाग पडला आहे का पाहा. पितळेची डाख सुटलेली असते, पत्र्याच्या टाकीला माळ्यावरच्या ओलीने बुडाशी भोके पडलेली असतात. पंपाचे चामड्याचे वायसर वाळून आखडते, त्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडले की ते पुन्हा फुलते. पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपाच्या नळीत रॉकेल येत असेल तर आतली झडप गेली आहे. तो स्टोव्ह पेटवू नका. पूर्वी "स्टोव्ह रिपेअरऽऽ" अशी हाक देत दारावर माणूस यायचा आणि दोन रुपयांत हे काम करून जायचा. आता तो येत नाही. तेव्हा दुरुस्ती होत नसेल तर पितळ भंगारात द्या, बरे पैसे येतात.

आईचा हात

वरचे सगळे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या आईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत एक गुळगुळीत, तांबूस, दोरीसारखा वळ्या पडलेला पट्टा होता. त्या हाताने तिने पुढे तीस वर्षे भाकऱ्या थापल्या. लहान असताना आम्हाला वाटायचे की सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात.

१९७९ चा पावसाळा. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात माणसे. वडील गिरणीत पहिल्या पाळीला. पहाटे सव्वासहाच्या आत त्यांना बाहेर पडावे लागे. त्या दिवशी स्टोव्हवर चहाचे आधण ठेवलेले आणि ज्योत बसू लागली. पंप मारून वर येईना, म्हणजे टाकीतले रॉकेल संपत आले होते. आता शहाणपणाची गोष्ट अशी की स्टोव्ह बंद करावा, दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावा, मग भरावा आणि पुन्हा पेटवावा. पण दहा-पंधरा मिनिटे म्हणजे वडिलांची पाळी. गेटवर उशीर झाला की खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी. आईने चावी उघडून हवा सोडली नाही, ज्योत लहानच होती म्हणून विझवलीही नाही, आणि भरायच्या तोंडाचे झाकण फिरवले.

टाकीतली हवा दाबाखाली होती आणि टाकी तापलेली होती. झाकण सैल होताच रॉकेलची वाफ आणि तुषार फस्सकन बाहेर आले आणि त्यांना वरची ज्योत लागली. आई डाव्या हाताने भांडे सावरत होती, उजवा हात झाकणावर होता. तिच्या अंगावर सुती लुगडे होते आणि पदर कमरेला खोचलेला होता, म्हणून ती वाचली. बाजूच्या खोलीतल्या आक्का गॅलरीत पाण्याला उठल्या होत्या. त्या घोंगडी घेऊन धावल्या आणि त्यांनी आईच्या हाताला ती घट्ट गुंडाळली. कोणीतरी टाकीवर भिजलेले गोणपाट टाकले.

मग आमच्या चाळीत जे ज्ञान होते त्याप्रमाणे उपचार झाले. कोणी दौतीतली निळी शाई ओतली, कोणी वरून दातांची पेस्ट फासली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांना ते सगळे खरवडून काढावे लागले. आई पुढे सांगायची की भाजल्याचे दुःख ती विसरली, पण ते खरवडणे विसरली नाही. वडिलांचा त्या दिवशी खाडा झालाच. पुढे तीन आठवडे आई विडीच्या कामाला बसू शकली नाही, ते निराळे.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, गार स्टोव्ह रोज भरून ठेवायचा, गरज असो वा नसो. स्वयंपाक चालू असताना रॉकेल संपलेच तर पातेले खाली उतरवायचे आणि जेवण उशिरा झाले तर होऊ द्यायचे. आईने तो नियम वडिलांच्या पाळीसाठीसुद्धा मोडला नाही. आणि गंमत अशी की नियम झाल्यावर मधेच रॉकेल संपायची वेळच फारशी आली नाही.

वातीचा स्टोव्ह

पंपाच्या स्टोव्हला घाबरणाऱ्या घरांत वातीचा स्टोव्ह आला. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने 'नूतन' नावाचा वातीचा स्टोव्ह काढला, तो पुष्कळ घरांत गेला. त्यात हवेचा दाब नाही, म्हणून तो गरीब गाय आहे असा समज आहे. तो खरा नाही.

वातीच्या स्टोव्हचा मोठा शत्रू आपली काटकसर आहे. दहा वातींचा स्टोव्ह असतो, रॉकेल वाचावे म्हणून त्यातल्या तीन-चार वाती काढून टाकतात. आम्हीही काढल्या आहेत. पण वात काढली की तिची नळी मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या नळीतून ज्योतीला खाली टाकीतल्या वाफेपर्यंत सरळ रस्ता मिळतो. झिजून आखूड झालेली किंवा नळीत सैल बसणारी वातही तेच करते. वाती कमी करायच्या असतील तर लहान स्टोव्ह घ्या, मोठ्यातल्या काढू नका. नवी वात घातल्यावर ती रॉकेलात पूर्ण भिजू द्या, सगळ्या वातींची टोके सारखी कापा. ज्योत निळी आणि बुटकी असावी. पिवळी होऊन भांडी काळी करू लागली तर वाती खाली घ्या. विझवताना वाती खाली उतरवा आणि थांबा, मागे उरलेली इवलीशी ज्योत आपोआप जाते. फुंकर मारू नका, पाण्याचा हबका तर मुळीच नको.

आणि पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका हे इथेही तितकेच खरे, किंबहुना जास्त. त्याचे कारण असे. गार रॉकेल लगेच पेट घेईल इतकी वाफ देत नाही, पण साधारण ३५ अंशांच्या पुढे तापले की त्याच्यावर पेटण्याजोगी वाफ जमू लागते. तासभर जळलेल्या स्टोव्हची टाकी त्याहून कितीतरी गरम असते आणि टाकीतले रॉकेल कमी झालेले असल्याने ती मोकळी जागा वाफेनेच भरलेली असते. आपण झाकण काढतो तेव्हा ती वाफ ज्योतीच्या शेजारी मोकळी करतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, तिथे तर न पेटवलेल्या डब्याचाही भरवसा धरू नये. डबा सावलीत आणि चुलीपासून लांब ठेवावा.

रॉकेल कुठून आणता हेही पाहा. रेशनचे रॉकेल निळे असायचे, तो रंग मुद्दाम घातलेला असे, भेसळ ओळखता यावी म्हणून. खुल्या बाजारातले पांढरे असते, आणि सुटे घेतले तर त्यात काय मिसळले आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यात थोडेसे पेट्रोल गेले तरी सगळा हिशोब बदलतो. पेट्रोल आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत पेट घेणारी वाफ सोडत असते. म्हणून पेट्रोलचा डबा रिकामा झाला म्हणून त्यात रॉकेल आणू नका, आणि चेहरा ओळखीचा नसलेल्या माणसाकडून घेऊ नका.

डब्यावरून आठवले. सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल ठेवण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. असे झाले तर मुलाला ओकारी काढायला लावू नका. मिठाचे पाणी, दूध, काही पाजू नका. ओकताना रॉकेल श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते, खरा धोका तो आहे. मूल खोकत असो वा नसो, सरळ दवाखान्यात न्या आणि बाटली बरोबर घ्या.

थंडीतली एक गोष्ट. नाशिक-नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत खोली ऊबदार व्हावी म्हणून दारे-खिडक्या लावून स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी पेटती ठेवून काही घरे झोपतात. आपल्यातली जी मुले सैन्यात लडाखला राहून आली आहेत त्यांना रॉकेलची बुखारी माहीत आहे. तिचा धूर नळीने बाहेर काढलेला असतो, आणि तरीही ती पेटती ठेवून झोपू नये असेच शिकवतात. आपल्या स्टोव्हला तर नळीच नाही. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, मग झोप येते. बाहेरून कोणी दार उघडले नाही तर माणूस त्या झोपेतून उठत नाही. ऊब हवी असेल तर जागे असताना, खिडकी उघडी ठेवून घ्या आणि निजण्यापूर्वी विझवा. गोधडी जास्त घ्या.

भाजल्यावर

स्टोव्ह पेटला तर त्यावर पाणी ओतू नका. रॉकेल पाण्यावर तरंगते आणि आग जमिनीभर पसरते. ओले गोणपाट किंवा वाळू टाका, चावी हाताशी असेल तर उघडा. नसेल तर माणसे बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर पडून लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकावी. नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटते, म्हणून स्टोव्हपुढे बसताना ती नको, आणि पदर, ओढणी खोचलेली हवी. स्टोव्ह जमिनीवर ठेवून वाकण्यापेक्षा ओट्यावर किंवा पक्क्या फळीवर ठेवणे केव्हाही बरे. लेकरे रांगत असतील तर फारच.

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ नको. शाई, पेस्ट, हळद, तूप काहीही नको. बांगड्या, अंगठी, पैंजण लगेच काढा, नंतर सूज येऊन ते निघत नाहीत. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ धुतलेल्या कापडाने झाका आणि दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तिला पैसे पडत नाहीत. मुंबईजवळ ऐरोलीला भाजलेल्यांसाठी वेगळे रुग्णालय आहे आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे. डोळ्यांप्रमाणे मरणोत्तर त्वचाही देता येते आणि ती खूप भाजलेल्या माणसाचा जीव वाचवायला उपयोगी पडते, हे आपल्याकडे अजून फारसे कोणाला ठाऊक नाही.

स्टोव्हवर घातलेला आळ

आता ज्याबद्दल लिहायला हात अडखळतो ते. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार माणसे मेली, आणि त्यांतल्या सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या. बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्वयंपाक बायका करतात म्हणून त्या जास्त भाजतात, हे एक उत्तर झाले. पण मग वर्षानुवर्षे स्टोव्हपुढे बसणाऱ्या सासवा का कमी भाजतात?

१९८४ च्या सुमारास आमच्याच मजल्यावर एक सून भाजून गेली. लग्नाला दीड वर्ष झाले होते. दुपारची वेळ, नळाला पाणी नव्हते, बायका गॅलरीत बसलेल्या. किंकाळी ऐकून सगळ्या धावल्या. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि घरच्यांनी सांगितले, स्टोव्हचा भडका झाला. आमची आई त्या खोलीत सर्वांत आधी शिरलेल्या दोघींपैकी एक होती. ती रात्री वडिलांना हळू आवाजात सांगत होती ते आम्ही गोधडीखालून ऐकले. स्टोव्ह फळीवर होता. टाकी गार होती. मागची भिंत पांढरीच्या पांढरी होती. भिंतीला काजळी नाही, फळीला डाग नाही. रॉकेलचा डबा मात्र मोरीजवळ आडवा पडला होता. आईला स्टोव्ह माहीत होता, म्हणून तिला ते दिसले. पण तिला कोणी विचारले नाही आणि तिने होऊन सांगितले नाही. पंचनाम्यात काय लिहिले ते आम्हाला कधी कळले नाही. त्या घरात पुढच्या वर्षी पुन्हा लग्न झाले. आई त्या लग्नाला गेली नाही, एवढेच.

आज कायदा पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे, आणि तो माहीत असावा. लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत स्त्रीचा असा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायला हवी. सासरच्या छळाबद्दलचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले आणि हुंडाबळीचे ३०४-ब हे १९८६ मध्ये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीच कलमे अनुक्रमे ८५ आणि ८० झाली आहेत. भाजलेली बाई बोलू शकत असेल तर तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावा, ती बोलण्याच्या स्थितीत आहे असे डॉक्टरांनी लिहून द्यावे आणि त्या वेळी सासरची माणसे खाटेजवळ नसावीत, असा आग्रह माहेरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीही धरावा. खोलीतला स्टोव्ह उचलू नये, पुसू नये, त्याचे झाकण फिरवू नये. तो कुठे होता, टाकी गार होती की गरम, किती भरलेली होती, पंपाची चावी उघडी होती की बंद, भिंतीवर काजळी आहे का, हे आत शिरलेल्या माणसाने डोक्यात ठेवावे आणि पोलिसांना सांगावे. आता हातात मोबाईल असतो, फोटो काढून ठेवावा. छळ चालू असतानाच ११२ ला किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकाला फोन करता येतो, भाजेपर्यंत थांबायची गरज नाही.

त्या रविवारी आमच्या सुनेला आम्ही स्टोव्ह शिकवला. आधी टाकी अर्धी रिकामी केली, जमीन साबणाने पुसून काढली, खिडकी उघडली. तिने स्वतःच्या हाताने तो तीनदा पेटवला आणि तीनदा विझवला. दुसऱ्या वेळी पिवळी ज्योत उसळली तेव्हा ती दचकून मागे सरकली, पण चावी उघडायला तिचा हात आमच्या आधी पोचला. मुलगाही बाजूला उभा राहून बघत होता, त्यालाही बसवले आणि पेटवायला लावले. बुधवारी सिलिंडर आला. स्टोव्ह गार करून रिकामा केला, टाकीचे झाकण उघडे ठेवून दोन दिवस गॅलरीत वाळवला, वायसरला तेल लावले आणि तो पुन्हा गोणपाटात बांधला. पिन मात्र बाहेर राहिली होती. सुनेने तीही काड्याच्या रिकाम्या पेटीत घालून स्टोव्हच्या पायाला बांधून ठेवली.